हेतूचं वजन कुणी करायचं?

मालमत्तेची नासधूस झाली की कायदा विचारतो, नुकसान करण्याचा उद्देश होता का, किंवा ते होईल याची जाणीव होती का? ‘कशासाठी?’ म्हणजे हेतू. गुन्हा ठरवताना तो गौण.

मग हेतू येतो कुठून? केरळचं बघू. १३ मार्च २०१५ ला अर्थसंकल्पाच्या वेळी विरोधी आमदारांनी विधानसभेत माइक, संगणक फोडले. नुकसान २,२०,०९३ रुपये. पुढे त्यांचीच आघाडी सत्तेत आली, आणि खटला मागे घ्यायचा अर्ज झाला. म्हणे, तो निषेध होता! सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२१ ला नकार कायम ठेवला. आमच्या मते हा निकाल बरोबरच आहे.

पण आमचा आक्षेप पुढे आहे. खटला मागे घ्यायची सुरुवात सरकारकडून होते. म्हणजे ज्याचं सरकार, त्याचाच हेतू चांगला ठरायचा. मोर्चात सरकारी कचेरीची काच फोडणाऱ्या पोराचं कोण ऐकणार? सार्वजनिक मालमत्तेच्या १९८४ च्या कायद्यात, कलम ३(१) खाली, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. किमान मुदत नाही. म्हणजे न्यायाधीशाला वाव आहे. हेतू तिथेच, शिक्षा ठरवताना, सगळ्यांसमोर तोलला जावा.