लेणे आणि जोडकाम : दिल्लीतील प्रतिकृती-उद्यानांचे वाचन

मनोरंजन उद्यानातील विषयबद्ध प्रदेश ही आधुनिक नागर जीवनाने घडविलेली एक संहिता आहे. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले तेव्हा साहसाचा, सीमाभूमीचा, अद्भुताचा आणि उद्याचा असे स्वतंत्र प्रदेश त्यात आखले गेले. प्रवेशद्वारापासून कोणत्या क्रमाने काय दिसावे आणि काय दृष्टीआड राहावे, याची तेथील योजना कथनाच्या योजनेसारखीच होती. उंबेर्तो एको आणि झाँ बोद्रियार यांनी अशा स्थळांची जी चिकित्सा केली, तिचा भर खऱ्याहून खऱ्या भासणाऱ्या बनावटीवर होता. दिल्ली आणि तिच्या परिसरात २०१० नंतर उभ्या राहिलेल्या अशा स्थळांना ही चिकित्सा पुरी पडत नाही. येथे मांडलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच देशातील भाषिक प्रदेशांच्या प्रतिनिधी म्हणून येतात. त्यामुळे येथे खऱ्याखोट्याच्या प्रश्नापेक्षा अनुवादाचा आणि तुलनेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

प्रगती मैदानावरील 'अप्पू घर' हे १९८४ ते २००८ या काळात दिल्लीकरांचे परिचित मनोरंजनस्थळ होते. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या हत्तीचे नाव त्याला मिळाले होते. पण त्याचे आकर्षण पाळण्यांचे आणि खेळांचे होते, प्रदेशदर्शनाचे नव्हते. २०१० साली गुडगावात सुरू झालेल्या 'किंग्डम ऑफ ड्रीम्स'मधील 'कल्चर गली'ने हे चित्र पालटले. तेथे राज्याराज्यांची दालने आणि खाद्यगृहे एका वातानुकूलित छताखाली आणली गेली व त्या छतावर आकाश रंगविले गेले. २०२२ मध्ये हे संकुल बंद पडले. दरम्यान २०१९ साली तत्कालीन दक्षिण दिल्ली महानगरपालिकेने सराय काले खाँजवळ 'वेस्ट टू वंडर' हे उद्यान उभारले. सुमारे १५० टन भंगारातून घडविलेली जगातील सात आश्चर्ये तेथे मांडलेली आहेत. २०२१ च्या डिसेंबरात पंजाबी बागेत खुल्या झालेल्या 'भारत दर्शन' उद्यानात तेच तंत्र देशातील वास्तूंना लावले गेले.

या दोन प्रकारांत मूलभूत फरक आहे. 'कल्चर गली'चा सारा प्रयत्न माध्यम लपविण्याचा होता. छत हे आकाश वाटावे आणि बाहेरचा महामार्ग विसरला जावा, यावर तिचे यश अवलंबून होते. भंगाराच्या उद्यानाची प्रकृती याच्या उलट आहे. विजेचे खांब, लोखंडी नळ्या, सायकलींची चाके आणि वाहनांचे सुटे भाग प्रतिकृतीत विरघळून जात नाहीत. पाहणाऱ्याला ताजमहाल ओळखू येतो आणि त्याच क्षणी सायकलचे चाकही ओळखू येते. उद्यानभेटीतील आनंद या दुहेरी ओळखीचा आहे. अनुवादमीमांसेच्या भाषेत बोलायचे तर पहिला प्रकार हा अनुवाद असल्याचे न जाणवू देणारा अनुवाद आहे; दुसऱ्यात लक्ष्यभाषेचे सांधे उघडे राहतात. या प्रामाणिकपणाचे श्रेय भंगाराच्या कारागिरांना दिले पाहिजे. ताजमहालाची अशी प्रतिकृती मूळ वास्तूची जागा घेऊ पाहत नाही. महानगराने टाकून दिलेल्या वस्तूंतून महानगराच्या स्मृतीतील आकार उभे राहतात, ही कल्पना अर्थपूर्ण आहे.

तथापि माध्यमाचा प्रामाणिकपणा निवडीच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. 'भारत दर्शन'मधील महाराष्ट्र कोणता, असे विचारले तर अजिंठा-वेरूळची लेणी आणि 'गेटवे ऑफ इंडिया' अशी उत्तरे मिळतात. ही दोन्ही उदाहरणे तपासण्याजोगी आहेत.

लेणे हे वजाबाकीचे शिल्प आहे. त्यात काही जोडले जात नाही. खडकातील नको तेवढा भाग काढून टाकला की जे उरते ते लेणे. वेरूळचे कैलास लेणे तर शिखरापासून पायाकडे कोरत नेलेले आहे. लोखंडी तुकडे एकमेकांना जोडत पायापासून वर चढणारे भंगारकाम त्याच्या नेमके विरुद्ध दिशेने जाते. येथे आकार अनुवादित होतो. क्रिया मात्र अनुवादित होत नाही. आणि ती क्रिया मराठी वाङ्मयाला अपरिचित नाही. कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू'त एक कथा येते. राजाचा व्याधी बरा झाला तर देवालय बांधीन आणि त्याचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा नवस राणी करते. देवालयाला अनेक महिने लागतील असे इतर स्थपती सांगतात. कोकस नावाचा स्थपती काम शिखरापासूनच आरंभतो आणि राणीचे व्रत थोड्या दिवसांत पुरे होते. वरून खाली कोरण्याच्या अपूर्व पद्धतीला लोककल्पनेने दिलेले हे स्पष्टीकरण आहे. 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या वेरूळच्या वास्तव्यातील लीळा आहेत. म्हणजे मराठी मनाला वेरूळ भेटते ते केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या आकारातून नव्हे, तर सातशे वर्षांच्या कथनांतूनही.

स्वतः 'लेणे' हा शब्दही येथे साक्ष देतो. नाशिकच्या प्राकृत शिलालेखांत 'लेण' हा शब्द कोरीव गुहेसाठी आढळतो. मराठीत 'लेणे' म्हणजे अलंकारही. व्युत्पत्तीच्या वाटा वेगळ्या असल्या तरी बोलणाऱ्याच्या मनात डोंगराच्या पोटातील निवास आणि अंगावरचा दागिना एकाच उच्चारात जवळ येतात. 'गुंफा' किंवा 'केव्ह' म्हणताच ही जवळीक नाहीशी होते. प्रतिकृती-उद्यानाला जी गोष्ट नेता येत नाही ती हीच.

'गेटवे'ची गोष्ट निराळी आहे. पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर उतरला तो दिल्ली दरबाराला जाण्यासाठी. त्या आगमनाचे स्मारक म्हणून १९१३ साली कोनशिला बसली आणि कमान १९२४ मध्ये खुली झाली. राजाने पाहिली ती पुठ्ठ्याची तात्पुरती प्रतिकृती, असे सांगितले जाते. येथे प्रतिकृती आधी आणि मूळ नंतर असा क्रम लागतो. राजा ज्या नगरीकडे निघाला होता आणि ज्या दरबारात तिला राजधानी केल्याची घोषणा झाली, त्याच नगरीत आज त्या दाराची भंगारातील आवृत्ती उभी आहे. १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीखालून परतली, हा इतिहासही तिच्यामागे आहे. परंतु वास्तू छायाचित्राची पार्श्वभूमी झाली की येण्याजाण्याचा हा सारा अर्थ लोप पावतो आणि ती केवळ 'मुंबई' या शब्दाचा पर्याय म्हणून उरते.

दोन्ही उदाहरणांतून दिसते ते असे, की ज्या प्रदेशाची ओळख मुख्यतः भाषेने ठरली आहे, त्याचे प्रतिनिधित्व येथे भाषेविना केले जाते. अजिंठ्याचे आणि वेरूळचे निर्माते किंवा 'गेटवे'चा वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट यांपैकी कोणी आधुनिक अर्थाने मराठी नव्हते, ही त्या वास्तूंची उणीव नाही. संस्कृती अशा परक्या-आपल्या थरांतूनच घडते. आक्षेप आहे तो थर काढून टाकून एकच पृष्ठभाग दाखविण्याला.

याला पर्याय नाही असे नाही. सूरजकुंडच्या मेळ्यात दरवर्षी एखादे राज्य विषय म्हणून निवडले जाते. २०१९ साली तो मान महाराष्ट्राला होता. तेथेही सजावट असते, बाजार असतो आणि प्रदेशाचे सुलभीकरणही असते. पण तेथे कारागीर स्वतः येतो. मालाविषयी बोलताना त्याच्या हिंदीत त्याच्या भाषेचा हेल उतरतो, वस्तूचे मूळ नाव त्याच्या तोंडून ऐकू येते आणि पाहणाऱ्याला प्रश्न विचारता येतो. मेळा काही दिवसांत उठतो, उद्यान टिकते. टिकाऊपणाच्या मोबदल्यात उद्यानाने संवाद गमावला आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना या उद्यानांकडे तुच्छतेने पाहणे परवडणारे नाही, कारण त्यांच्या शाखेतील एक सवय येथे लोखंडात उतरलेली दिसते. 'भारतीय साहित्य' या नावाच्या अनेक संकलनांत आणि अभ्यासक्रमांत प्रत्येक भाषेच्या वाट्याला एखादी कृती येते. ती अनुवादात वाचली जाते, शेजारच्या भाषेतील कृतीजवळ ठेवली जाते आणि या शेजारालाच तुलना मानले जाते. कोणार्काजवळ चारमिनार आणि त्याजवळ लेणी, या मांडणीहून ती फारशी भिन्न नसते. दोन वास्तूंमधील अंतर काही पावलांवर आले म्हणजे त्यांच्यातील संबंध कळला असे होत नाही. उलट तो संबंध ज्या प्रवासांतून, आक्रमणांतून, भाषांतरांतून आणि विस्मरणांतून घडला, ते अंतरच नाहीसे होते.

म्हणून या उद्यानांचे मूल्यमापन मुळाशी असलेल्या साम्यावरून करून भागणार नाही. ही कृती येथे आणण्यासाठी काय मागे ठेवावे लागले, हा प्रश्न प्रत्येक प्रतिकृतीला विचारला पाहिजे आणि तोच प्रश्न अभ्यासक्रमातील प्रत्येक अनुवादित कृतीलाही. भंगाराच्या शिल्पकाराने आपले सांधे झाकले नाहीत. लेण्याशेजारी कोकसाची कथा मराठीत आणि अनुवादात वाचायला मिळाली, तर त्या उघड्या सांध्यांतून भाषाही आत येऊ शकेल. साहित्याच्या वर्गात तर यासाठी लोखंडाचीही गरज नाही. अनुवादाशेजारी मूळ शब्द उच्चारला गेला तरी आरंभ होतो.