जखम ओळखणारं अंग

बहुतेक यंत्रांचा बिघाड ती बंद पडल्यावरच कळतो. कॉर्नेल विद्यापीठातले हेदान बाई, यंग सोंग किम आणि रॉबर्ट शेफर्ड यांचा ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मधला डिसेंबर २०२२चा शोधनिबंध मला आवडला तो याच ठिकाणी. त्यातल्या चार पायांच्या, तारामाशासारख्या मऊ रोबोला इजा झालेली कळते, आणि कळल्यावर तो चालणं सोडत नाही.

मऊ रोबो लवचिक पदार्थाचे असतात. नाजूक वस्तू ते न दुखावता धरतात, पण एखादी धारदार कड लागली की स्वतःच फाटतात. अंगातला सेन्सरही सोबत तुटला, तर यंत्र आंधळंच होतं. इथे लेखकांनी विजेच्या तारेऐवजी प्रकाशाची वाट निवडली. पारदर्शक, ताणल्या जाणाऱ्या नळीवजा पट्टीच्या एका टोकाला एलईडी आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा डायोड. पट्टी वाकली, दबली किंवा चिरली की पलीकडे पोचणारा उजेड घटतो. किती घटला, यावरून अंगाला काय झालं ते समजतं.

निबंधाचं खरं सौंदर्य त्या पट्टीच्या घडणीत आहे. ती पॉलियुरेथेन-युरिया जातीच्या रबराची. त्यातले हायड्रोजन बंध चिरेच्या दोन्ही कडा चटकन जवळ आणतात आणि डायसल्फाइड बंधांची अदलाबदल त्या जोडाला बळ देते. आधी धावदोरा, मग पक्की शिवण, असं हे काम आहे. बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही की कुणाचा हात लागत नाही.

आणि मग तो प्रयोग. रोबोच्या एका पायाला सहा वेळा भोसकलं. प्रत्येक वेळी त्याला इजा कळली आणि प्रत्येक चीर सुमारे मिनिटभरात भरून आली. इजेनुसार त्याने आपली चालही बदलली. आधी जाणीव आणि मग त्या जाणिवेला धरून वागणं, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नुसती सांधणारी वस्तू टिकाऊ ठरते. स्वतःची जखम ओळखणारी वस्तू सावध होते. मर्यादाही शेफर्ड यांनी मोकळेपणाने सांगितली आहे: भाजलेली किंवा आम्लाने जळालेली जखम माणसाच्या मांसासारखीच इथेही नीट भरत नाही.

असं अंग कुठे उपयोगी पडेल? नांदेडजवळच्या अर्धापूरची केळी डोळ्यांपुढे आणा. घड उतरवताना, फण्या सुट्या करताना जरा जोर पडला की साल काळी पडते. शिवाय तिथे विळा-सुरी चालत असते. दाब ओळखणारा आणि चिरला तरी कामातून न जाणारा रोबोचा हात अशाच जागी कसाला लागेल. तसा हात अजून प्रयोगशाळेतून बाहेर पडायचा आहे, पण त्याची दिशा या निबंधात स्पष्ट दिसते.

हा निबंध कुणालाही फुकट वाचता येतो. लातूरच्या अकरावी-बारावीच्या वर्गांत हायड्रोजन बंध रसायनशास्त्रात शिकवतात आणि अशा पट्टीतून उजेड पुढे नेणारं प्रकाशाचं परावर्तन भौतिकशास्त्रात. शिक्षक वेगळे, वह्या वेगळ्या. परीक्षेसाठी ते ठीकच आहे. पण दोन्ही धडे एकत्र आले की त्यांतून जखम ओळखणारं अंग घडतं, हे मुलांना एकदा वर्गात दाखवायला हवं. पुढचा सेन्सर आपल्याकडे घडायचा असेल, तर सुरुवात तिथूनच होईल.