गोरिओसाहेबांचा गोरिओबाबा होतो तेव्हा

बाल्झाकच्या ‘ओल्ड गोरिओ’बद्दल (मूळ फ्रेंच ‘ल पेर गोरिओ’, 1835) वाचकांची एक तक्रार ठरलेली असते. सुरुवातीची पानं संपता संपत नाहीत. गोष्ट सुरू व्हायच्या आधी बाल्झाक आपल्याला पॅरिसमधल्या एका स्वस्त लॉजमधून फिरवून आणतो. आधी गल्ली, मग फाटक, बाग, दिवाणखाना, जेवणघर आणि मग एकेक मजला चढत वर. खुर्च्या कशा मोडल्यात, मेणकापड किती तेलकट आहे, खोलीला वास कसला येतो, काही म्हणून सुटत नाही. पुष्कळ जण इथेच पुस्तक मिटतात. मला मात्र या पानांइतकं चांगलं त्या कादंबरीत पुढे क्वचितच काही सापडलं. पळून आलेला कैदी, उमरावांच्या मेजवान्या, द्वंद्वयुद्ध हे सगळं रंजक आहे, पण म्हाताऱ्या गोरिओचं काय होणार ते या मजल्यांच्या दरपत्रकातच लिहिलेलं आहे.

काळ 1819चा. मादाम व्होके नावाच्या विधवेचं हे घर ज्या रस्त्यावर आहे तो इतका उताराचा, की घोडे तिथून सहसा जातच नाहीत. व्हाल-द-ग्रास आणि पँथिऑन यांच्या घुमटांमधला हा भाग म्हणून शांत. भिंतींच्या कडेनं गवत उगवलेलं, गाडीचा आवाज आला तर लोकांनी डोकावून बघावं अशी अवस्था. आज कुठल्याही गेस्ट हाऊसच्या जाहिरातीत ‘शांत निवासी परिसर’ असे शब्द असतात, तीच ही जागा. फरक एवढाच की बाल्झाक त्या शांततेचं कारण सांगतो. ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांचं इथे काही काम नसतं.

आता मजले. पहिल्या मजल्यावर मालकीणबाई स्वतः, आणि चांगल्या खोल्यांत मादाम कुतूर ही विधवा व तिच्या आश्रयाला असलेली एक मुलगी. दोघींचे मिळून वर्षाला 1800 फ्रँक. दुसऱ्यावर एक म्हातारा आणि व्होत्रँ हा गूढ गृहस्थ. तिसऱ्यावर महिन्याला 45 फ्रँकमध्ये राहणं-जेवण. तिथे गरीब विद्यार्थी, एक म्हातारी कुमारिका आणि गोरिओ. त्याच्याही वर पोटमाळ्यात झोपणारे दोघे नोकर, क्रिस्तोफ आणि सिल्व्ही. राहणारे सात, पण रात्रीच्या पंगतीला अठरा, कारण बाहेरचे लोक महिना 30 फ्रँक देऊन नुसतं जेवायला येतात. दिवसभर डेटाबेसची टेबलं बघणाऱ्या माझ्यासारख्याला ही रचना लगेच ओळखीची वाटली. माणूस ही एक ओळ, तिच्यात मजला आणि रक्कम. जसजसं वर चढावं तसतसा माणूस स्वस्त होत जातो.

गोरिओ 1813मध्ये आला तेव्हा पहिल्या मजल्यावर उतरला होता. शेवयांच्या धंद्यात पैसा केलेला, सोबत चांदीची भांडी, उंची कपडे. तो वर्षाला 1200 फ्रँक देत असे आणि मालकीणबाई त्याच्याशी लग्नाची स्वप्नं बघत असत. दुसरं वर्ष संपता संपता तो म्हणाला, मला दुसऱ्या मजल्यावर हलवा, 900 फ्रँक देईन. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तो तिसऱ्या मजल्यावर गेला. पैसे कुठे गेले? दोन मुली, दोन्ही श्रीमंतांच्या घरी दिलेल्या, आणि बापाला खरवडून घेणाऱ्या.

पण माझ्या मते खरी जागा पुढे आहे. पहिला मजला सुटला त्याच दिवसापासून मालकीणबाई ‘मस्य गोरिओ’ म्हणायचं सोडून ‘पेर गोरिओ’ म्हणू लागतात. भाडं उतरलं आणि नाव उतरलं, आणि तेच उतरलेलं नाव बाल्झाकनं कादंबरीला दिलं. ‘पेर’ म्हणजे बाप, आणि कोणाही म्हाताऱ्याला जरा सलगीनं, जरा तुच्छतेनं मारायची हाकही. इंग्रजीत ‘ओल्ड’ म्हटलं की तुच्छता राहते आणि बाप जातो. ‘फादर’ म्हटलं की बाप राहतो आणि चर्चमधला पाद्री उगाच आत शिरतो. मराठीत ही अडचण नाही. आपण बापाला ‘बाबा’ म्हणतो आणि फाटकाशी बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्यालाही ‘ओ बाबा, जरा सरका’ म्हणतो. गोरिओसाहेबांचा गोरिओबाबा झाला, एवढं म्हटलं की पुरे.

ही कादंबरी मी बंगळुरूत मल्लेश्वरममध्ये वाचली. 1898च्या प्लेगनंतर मोकळ्या हवेसाठी ज्या वस्त्या आखल्या गेल्या त्यातली ही एक. मराठी माणसाला तिथल्या काडू मल्लेश्वर मंदिरामुळे आणखी एक धागा सापडतो, कारण त्या मंदिराशी शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांचं नाव जोडलेलं आहे. ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे मी एका आडरस्त्यावरच्या स्वस्त गेस्ट हाऊसमध्ये होतो. शेजारी हुबळीकडचे एक निवृत्त गृहस्थ होते, बायकोच्या उपचारांसाठी आलेले. मुक्काम लांबला तसे ते खिडकीच्या खोलीतून जिन्याखालच्या खोलीत गेले. काउंटरवरचा मुलगा त्यांना पहिल्या आठवड्यात ‘सर’ म्हणायचा. खोली बदलली आणि ‘अंकल’ सुरू झालं. तो वाईट मुलगा नव्हता, रात्री त्यांना गरम पाणी नेऊन द्यायचा. त्या जागेला ऑनलाइन 4.2 तारे आहेत. स्वच्छता, शांतता, वायफाय असे सगळे रकाने तिथे आहेत, पण ‘सर’पासून ‘अंकल’पर्यंतचं अंतर कुठल्या रकान्यात भरणार?

बाल्झाककडे तो रकाना आहे. जेवणघरात नंबर टाकलेले कप्पे आहेत, प्रत्येकात एकेकाचा डागाळलेला रुमाल. डायोरामाच्या नावावरून प्रत्येक शब्दाला ‘रामा’ जोडायची टूम पंगतीत निघालेली असते आणि म्हातारा तिचा हुकमी बळी. (डायोरामा पॅरिसमध्ये उघडला 1822 साली, म्हणजे बाल्झाक तीन वर्षं पुढे गेला आहे. पण हॉस्टेलच्या मेसमध्ये चार वर्षं जेवलेल्या कुणालाही हा प्रसंग खोटा वाटणार नाही.)

माझं भांडण आहे ते मालकीणबाईंच्या चित्रणाशी. बाल्झाकच्या मते बाई म्हणजे लॉज आणि लॉज म्हणजे बाई. तिचा चेहरा, तिचा परकर, भिंतींचा वास, सगळं एकाच मापात. हे वाचायला झकास आहे, पण न्याय्य नाही. गोरिओ मरायला टेकल्यावर ती हिशोब मांडते: आधीचे 144 फ्रँक येणं, चादरींचे 40, मेणबत्ती आणि किरकोळ, मिळून 200 तरी झालेच, आणि माझ्यासारख्या गरीब विधवेला हे परवडत नाही. मग सिल्व्हीला हळूच सांगते, मधे विरलेल्या, कडा आत घेऊन पुन्हा शिवलेल्या त्या जुन्या चादरी काढ. वाचकानं इथे शहारावं अशी लेखकाची इच्छा आहे, आणि आपण शहारतोही. पण त्या आठवड्यात व्होत्रँ पकडला गेलाय, त्याला पकडून देणारी कुमारिका घर सोडून गेलीय, मादाम कुतूर मुलीला घेऊन गेलीय. निम्मं घर रिकामं. 45 फ्रँकमध्ये खोली येते, जेवण येतं. त्यात परक्या माणसाचं मरण निभावणंही येतं का? ज्यांच्या हिशोबात ते यायला हवं होतं त्या मुलींना बाल्झाक अश्रू, मूर्च्छा आणि दुष्ट नवरे देतो. हिशोब वाटून घ्यायची वेळ आली की मात्र तो बोट दाखवतो चादरींकडे. गरिबांच्या कंजूषपणाचं वर्णन करणं श्रीमंतांच्या कंजूषपणाच्या वर्णनापेक्षा सोपं असतं, आणि इथे त्यानं सोपी वाट धरली आहे.

अंत्ययात्रेत मात्र त्याचा तोल पुन्हा सावरतो. मुलींच्या घरून गाड्या येतात, पण रिकाम्या. शांत उताराच्या त्या घरातून स्मशानापर्यंत जातात फक्त दोघे: तिसऱ्या मजल्यावरचा विद्यार्थी रास्तिन्याक आणि पोटमाळ्यातला क्रिस्तोफ. क्रिस्तोफ का आला हेही बाल्झाक सांगून टाकतो. म्हाताऱ्यानं त्याला अधूनमधून चांगली बक्षिसी दिली होती. थडगं खणणारे पैसे मागतात, रास्तिन्याक खिसे चाचपतो, काही नसतं. मग तो क्रिस्तोफकडूनच वीस सू उसने घेतो.