सल्लागाराचा अहवाल आणि आलापल्लीचे ज्ञान

पर्यटन-विकासाच्या योजनांत सल्लागार हा ज्ञानाचा वाहक मानला जातो. परंतु ते ज्ञान तो कोठून उचलतो आणि कोठे नेऊन ठेवतो, ह्याची चिकित्सा क्वचितच होते. आलापल्लीच्या निमित्ताने ती येथे करावयाची आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील आलापल्ली सागवानासाठी प्रसिद्ध आहे. तेथील सुमारे ६ हेक्टर नैसर्गिक वन २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रातील ते पहिलेच. 'पल्ली' हे गाववाचक पद द्राविडी असून परिसरात माडिया, तेलुगू व मराठी ह्या भाषा नांदतात. वारसास्थळाचे नाव मात्र 'ग्लोरी ऑफ आलापल्ली'. हे ज्ञान कोणास उद्देशून मांडले जाते, हे त्यावरून सूचित होते.

नोनाका व ताकेउची ह्यांनी १९९५ च्या ग्रंथात ज्ञानाची चार रूपांतरे सांगितली आहेत. अव्यक्त ज्ञान सहवासातून पसरते, शब्दांत व्यक्त होते, इतर व्यक्त ज्ञानाशी जुळविले जाते आणि अखेरीस पुन्हा अंगी मुरते. सल्लागारांच्या व्यवहारात भर असतो तो मधल्या दोन पायऱ्यांवर. अहवाल साठवावयाचे आणि पुढील प्रकल्पात वापरावयाचे. वाटाड्याला ठाऊक असलेली झाडांची नावे, ऋतू आणि वर्ज्य जागा 'स्थानिक माहिती' ह्या एका मथळ्याखाली सामावतात. ते ज्ञान गावात परत मुरण्याची चौथी पायरी राहूनच जाते.

भाषाशास्त्राच्या क्षेत्रकार्यात मूळ उक्ती पहिल्या ओळीत, पदशः अर्थ दुसऱ्या ओळीत आणि भाषांतर तिसऱ्या ओळीत लिहिण्याची शिस्त आहे. त्यामुळे भाषांतर मुळाशी ताडून पाहता येते. सल्लागाराच्या अहवालात केवळ तिसरी ओळ उरते.

सल्लागाराला मुदतीचे बंधन असते, हा आक्षेप खरा आहे. तथापि २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या चौकटीत स्थानिक समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. गोळा केलेली माहिती मूळ माडिया शब्दांसह तीत भरून द्यावी, अशी अट करारातच घालता येईल. काय नोंदवू नये, हे ठरविण्याचा अधिकार मात्र गावाचाच असावा.

अहवाल कार्यालयात पोहोचला म्हणजे ज्ञानाची देवाणघेवाण झाली, असे नव्हे. उद्या प्रवाशांना ते वन दाखविणाऱ्या गावच्या तरुणाला त्या नोंदी वाचता, तपासता व दुरुस्त करता येतात की नाही, हीच त्याची कसोटी होय.