संगणकाची साक्ष

मंडळी, हल्ली ‘संगणकावरचा प्रयोग’ असं सर्रास म्हटलं जातं. आमचा आक्षेप त्या ‘प्रयोग’ शब्दाला आहे. तप्त, दाट हायड्रोजनचंच उदाहरण घेऊ या.

१९९७ साली अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेतून निष्कर्ष आला. नोव्हा लेसरने द्रवरूप ड्यूटेरियमला, म्हणजे जड हायड्रोजनला, आघाततरंगाचा तडाखा दिला, तर घनता जवळजवळ सहापट होते. मिलित्झर आणि सेपर्ली यांनी २००० साली माँटे कार्लो पद्धतीने गणित केलं. उत्तर आलं, जास्तीत जास्त ४.३ पट. पुढच्याच वर्षी सँडियाच्या झेड यंत्रावरही सुमारे चारपट आली. मग संगणक जिंकला, असं म्हणायचं का? इतकी घाई नको.

आधी प्रयोगाकडे बघा. तिथेही घनता कुणी डोळ्यांनी पाहत नाही. तरंगाचा वेग आणि त्यामागून ढकलल्या जाणाऱ्या द्रव्याचा वेग यांवरून ती काढतात. द्रव्याचा वेग तरंगाच्या ७५ टक्के असेल तर घनता चारपट, ८३ टक्के असेल तर सहापट. एवढ्याशा फरकावर सगळा वाद! म्हणजे ‘प्रत्यक्ष’ म्हणून जे मांडलं, त्यातही अनुमान होतंच.

आता संगणक. दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल झाली की चिन्ह उलटतं. धन आणि ऋण वाटे एकमेकांना खाऊन टाकतात, आणि हाती उरतो तो निव्वळ गोंधळ. म्हणून गणिती आधीच कुंपण घालतात : अमुक सीमा ओलांडायची नाही. ती सीमा नेमकी कुठे, हे निसर्ग सांगत नाही, आपणच ठरवतो. सुरुवातीच्या गणितांत ती एकमेकांशी काही संबंध नसलेल्या इलेक्ट्रॉनांवरून उसनी घेतली होती; २००० साली ती सुधारली. तापमान फार असेल तर ती चालून जाते. ते उतरू लागलं की शंका वाढते.

उत्तर जुळलं म्हणून गृहीतक सिद्ध होत नाही. चुकीच्या हेतूवरूनही कधी खरं अनुमान निघतं, हे आपल्या नैयायिकांना चांगलं ठाऊक होतं. धुकं पाहून धूर समजलो, आणि डोंगरावर खरोखरच आग निघाली, तरी ते ज्ञान नव्हे.

याचा अर्थ ही गणितं टाकाऊ आहेत, असा मुळीच नाही. सहापटीचा निष्कर्ष सर्वांना मोहात पाडत असताना त्यांनी वेगळं सांगायचं धैर्य दाखवलं. पण त्यांना साक्षीदार म्हणू नका. ते युक्तिवाद आहेत, आणि युक्तिवादाला नेहमी एकच प्रश्न विचारायचा असतो : बाबा रे, तू काय गृहीत धरलंस?