निलंबनाचा अर्धाच धडा

निलंबन शिकवताना आपली पुस्तके गढूळ पाण्यात तुरटी फिरवून गाळ बसवतात आणि तिथेच थांबतात. टेंभुर्णीत ज्या मुलांच्या घरी गोबरगॅस आहे, त्यांना शेणकाल्याची खोड माहीत असते. शेण-पाणी निम्मेनिम्म. काला पातळ झाला तर वाळू तळाशी बसते, काडीकचरा वर येऊन साय धरते. घट्ट झाला तर नळीतून उतरत नाही. हा प्रश्न पुस्तकात का नाही?

दगडी कोळशाची भुकटी पाण्यात कालवून जळण करणाऱ्यांपुढेही हेच कोडे असते. जाड कणांमधल्या फटी बारीक कणांनी भरल्या आणि कण सुटे ठेवणारे रसायन शेकडा एखादा भाग घातले, तर ७० टक्के कोळसा असूनही काला वाहतो. या रसायनाने कणांवर सजातीय प्रभार येतो, ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीच्या नेमके उलटे! पण असे सुटे कण सावकाश बसून तळाशी घट्ट थर करतात. तो टाळायला डिंक घालावा, तर वाहणे मंदावते. शिकवण्याजोगी आहे ती ही ओढाताण.

चिकणमातीच्या दाट राबडीत सोडियम सिलिकेटचे चार थेंब ढवळा. ती पातळ होईल. मग त्यातच मीठ टाकून पाहा.