‘राणी माशी’ : एका संज्ञेची चिकित्सा

मधमाश्यांच्या वसाहतीत अंडी घालणाऱ्या मादीस मराठीत ‘राणी माशी’ म्हणतात. संज्ञा इतकी रूढ झाली आहे की तिच्यातील रूपक जाणवेनासे झाले आहे. तथापि येथील जुनी कल्पना निराळी होती. प्रश्नोपनिषदात प्राणास मधमाश्यांच्या राजाची उपमा दिली आहे. राजा उठला की सर्व माश्या त्याच्यामागे उठतात. औपनिषदिक विचार ‘विवेकसिंधू’त मराठीत आणणाऱ्या मुकुंदराजांची समाधी बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे दाखविली जाते. त्या परंपरेतील मोहोळाचा अधिपती पुरुष होता. अ‍ॅरिस्टॉटलचा समजही तसाच होता. इंग्लंडात चार्ल्स बटलर याने 1609 मध्ये मोहोळास स्त्रीराज्य ठरविले. पुढे त्याच शतकात स्वामरडाम याने विच्छेदनाने अंडाशय दाखविले. राजाची राणी झाली. सिंहासन मात्र तसेच राहिले.

एकोणिसाव्या शतकात या रूपकास खऱ्या राजदरबाराची शोभा लाभली. 1851 च्या लंडन येथील महाप्रदर्शनात जिवंत माश्यांच्या काचेच्या पेट्या मांडल्या होत्या व त्यांनी राणी व्हिक्टोरियाचे लक्ष वेधले. परंतु मधुपालनास खरे वळण दिले ते दरबारी कुतूहलाने नव्हे. अमेरिकेतील धर्मोपदेशक लँगस्ट्रॉथ याने त्याच वर्षी ओळखले की, सुमारे 3/8 इंच मोकळी जागा माश्या मेणाने भरून टाकीत नाहीत. त्यामुळे सुट्या चौकटींची पेटी शक्य झाली. तिचे एकस्व त्याला 1852 मध्ये मिळाले. वसाहत न मारता मध काढणे त्यामुळे सुकर झाले.

मराठी लोकभाषेची नावे याहून डोळस आहेत. ‘आग्या’ हे नाव दंशाचा दाह सांगते; ‘सातेरी’ हे नाव शेजारी-शेजारी बांधलेल्या अनेक पोळ्यांकडे बोट दाखविते. पेटीत नांदते ती सातेरी. आग्या नांदत नाही. हा व्यवहारोपयोगी भेद नावांतच सूचित झाला आहे. उलट ‘राणी’ हे नाव दिशाभूल करते. ती आज्ञा देत नाही. ती नाहीशी झाल्यास, वसाहतीत कोवळ्या अळ्या असतील तर, कामकरी माश्या त्यांतीलच काहींना विशेष खाद्य देऊन नवी राणी घडवितात.

रूढ संज्ञा बदलण्याचा आग्रह व्यर्थ होय. परंतु तिच्यासोबत ‘राज्य करते’, ‘हुकूम सोडते’ ही क्रियापदे योजणे टाळले पाहिजे. बीडसारख्या जिल्ह्यात पहिली पेटी घेणाऱ्या शेतकऱ्यास राणी मेली म्हणजे वसाहत संपली असे वाटले, तर तो वाचविता येण्याजोगी वसाहत सोडून देईल. ते नुकसान माशीचे नव्हे, भाषेचे असेल.